कावडीची कमान

लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले आणि खोली शोधत फिरत होते तेव्हा अकरा घरमालकांनी माझं आडनाव विचारलं, आणि बाराव्यानं डावा हात सरळ करून दाखवायला सांगितला. आडनाव ऐकल्यावर एकाचा भाचा अचानक शिकायला येणार ठरला, दुसऱ्याला खोलीत कडबा भरायचा होता, तिसऱ्याची खोली गळत होती. धड पाऊस पडून वर्ष होत आलं होतं, तरी ती गळत होती. मी नांदेडकडच्या हदगावची, वडील पोस्टात, घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो. एवढं सगळं या लोकांना माझ्या आडनावातून एका दमात वाचता येत होतं. मला राग यायचा. पण हातात लोखंडी ट्रंक असताना राग फार वेळ धरता येत नाही.

बारावे म्हणजे चाचा. ओसरीवर उकिडवे बसून काचेच्या तुकड्यानं एक दांडा खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "डावा हात तसा का धरून राहिल्या, बाई?"

"कसा?"

"सरळ करा बरं."

केला. माझं डावं कोपर पुरतं सरळ होत नाही. लहानपणी चिंचेवरून पडले होते.

"कोणी बसवला?"

"हदगावला एक होते."

"गाढव होता," चाचा म्हणाले. "खोली मागच्या अंगाला हाय. भाड्याचं मुन्नीला इचारा."

हा माणूस मोठ्या मनाचा आहे, जातपात मानत नाही, असं मी पुढे बरेच दिवस धरून चालले होते आणि वडिलांना तसं पत्रही लिहिलं होतं. तसं काही नव्हतं. माणसाकडे बघताना चाचांची नजर हाडावर जायची आणि तिथंच थांबायची. बाकीच्या माहितीचा त्यांना उपयोग नव्हता.

त्यांच्या घराण्याला कमानगर म्हणत. धनुष्याला ते कमान म्हणायचे. फार पूर्वी त्यांचे कोणी खापरपणजोबा किल्ल्यातल्या फौजेसाठी कमानी करत असत. बंदुका आल्या, गिऱ्हाईक संपलं, तेव्हा घराण्यानं तेच हात मोडक्या हाडांकडे वळवले. कामट्या त्याच, आवळून बांधायची पद्धत तीच, फक्त आता गिऱ्हाईक ओरडायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून बैलगाड्या यायच्या आणि आमच्या ओसरीवर हात-पाय मोडलेल्या माणसांची रांग लागायची. चाचा सगळ्यांना सारखंच रागवायचे.

एकदा एक माणूस लिंबावरून पडून पाय मोडून आला. चाचांनी विचारलं, "आधी काय मोडलं? फांदी का पाय?"

"फांदी मोडली म्हणून तर पडलो, चाचा."

"मंग फांदी कुठं हाय?"

तो बिचारा बायकोकडे बघायला लागला. चाचांनी पाय बसवला, पट्टी बांधली, आणि बरोबर आलेल्या मेव्हण्याला ती फांदी आणायला परत सात किलोमीटर पाठवलं. फांदी आल्यावर तिचं मोडलेलं टोक ते अर्धा तास बघत बसले. माणसाकडे त्यांनी पाच मिनिटं पाहिलं होतं. पाय मात्र नीट जुळला, हे सांगायला हवं.

"हाड सांधतं," ते म्हणायचे. "लकडी सांधत न्हाई. म्हणून लकडीची काळजी जास्ती."

मुन्नी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. चाळिशीच्या आसपासच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची, मीही म्हणायचे. मुन्नी म्हणणारे चाचा एकटे. आपांचा उजवा डोळा पांढरा होता. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. घर आपा चालवायच्या आणि हाडं चाचा बसवायचे. वर्षातून एक कमान दोघं मिळून करायचे. कमानीची दोरी आपा वळायच्या.

ती कमान पुरी झाली की चाचा ती मोडायचे.

हे मी पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. चार-पाच महिने एका लाकडाच्या मागे घालवलेले. लाकूड घासून सारखं केलेलं, पाठीवर म्हशीच्या पायाची नस सरसानं चिकटवलेली, वर तेलाचा हात. मग एका सकाळी ती कमान भिंतीतल्या खुंटीला मधोमध अडकवायची आणि दोरी खाली ओढत न्यायची. एक वीत, दोन वीत, तीन. जिथं थांबायला हवं तिथं न थांबता पुढे. त्याआधी ते न चुकता म्हणायचे, "मुन्नी, पल्याड जा."

आपा निवडत असलेली भाजी ताटासकट उचलून शेजारच्या घरी जायच्या. थोड्या वेळानं काड्कन आवाज यायचा. आपा परत यायच्या.

"मोडली?"

"मोडली."

"बरं," म्हणून आपा भाजी फोडणीला टाकायच्या. मोडलेले तुकडे आढ्याला बांधलेल्या मोळीत जायचे. मोळी चांगली जाड झाली होती.

मी न राहवून विचारलं, "चाचा, चांगली कमान मोडता कशाला?"

"कुठं मोडती, का मोडती, ते कळल्याबिगर दुसऱ्याच्या हातात कशी देऊ?"

"पण मोडल्यावर देणार काय?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "ते बी हायच."

खरी गोष्ट मला आपांकडून कळली, ज्वारी पाखडताना, वाणसामानाची यादी सांगावी तशी. वडील वारले त्या पावसाळ्यात चाचांनी स्वतःच्या हातानं पहिली कमान केली. तेव्हा ते विशीत होते आणि मुन्नी चौदा वर्षांची. पहिल्यांदा मीच ओढणार म्हणून तिनं हट्ट धरला. ओढली. कमान मोडली आणि एक चिरफळी डोळ्यात गेली. लाकूड खोटं होतं, का सरस ओला होता, का नस कुजकी होती, हे चाचांना कळलं नाही. तेव्हापासून ते शोधत होते. दर वर्षी एक कमान करून, मोडून, तुकड्यांकडे बघत.

"डोळा माझा गेला बाई," आपा म्हणाल्या, "आन् भेव ह्याच्या अंगात ऱ्हायलं."

त्या सुमाराला आमचा जिल्हा नवा झाला होता. कालपर्यंत उस्मानाबादला जाणारे कागद आता लातूरला जायचे. नवीन पाकिटं छापून आली नव्हती, म्हणून जुन्या पाकिटांवर उस्मानाबादवर काट मारून वर लातूर लिहिलेलं असायचं. नव्या जिल्ह्याला सगळं पाहिजे होतं: स्वतःचा शिक्का, स्वतःचं मैदान, प्रत्येक खेळाचा स्वतःचा संघ. शाळेत एक लांबलचक फॉर्म आला. त्यात पोहण्याचाही रकाना होता. गावाला चार दिवसांआड टँकर येत होता.

मुख्याध्यापकांनी बोट ठेवलं ते धनुर्विद्येवर. "तुम्हाला येतं ना हे?"

खेळाच्या पदवीला असताना मी चाळीस दिवस बांबूचं धनुष्य ओढलं होतं. माझी नेमणूक तात्पुरती होती, उन्हाळ्यात संपणारी. मुख्याध्यापक म्हणाले, "महिलांच्या खुल्या गटात जिल्ह्याकडून तुमचं नाव लागलं, तर तुम्हाला कायम करायच्या कागदात मला काहीतरी लिहिता येईल. आत्ता काय लिहू? बाई वेळेवर येतात?"

एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला नांदेडला निवड होती. धनुष्य ज्याचं त्यानं आणायचं होतं. पहिल्या सहा जणी घेणार होते.

मी चाचांसमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बनवतो. देत न्हाई."

"मग बनवून काय करू?"

"बघा."

आतून आपांचा आवाज आला, "देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा डोक्याला रुमाल बांधून लाकूड शोधायला निघाले, आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मला वाटलं पाणी आणायला गेलेत. पण हातात घागर नव्हती. तीन दिवस ते रांगेच्या कडेनं येरझाऱ्या घालत लोकांच्या खांद्यांकडे बघत होते. लोकांना वाटलं नव्या जिल्ह्यानं चाचांनाच पाणी मोजायला ठेवलं. एक-दोघांनी त्यांना चहा पाजला.

ते कावडी बघत होते. दोन टोकांना दोन डबे लटकावून खांद्यावर घ्यायचा तो दांडा. बहुतेकांचा बांबूचा असायचा, काहींचा धामणीच्या लाकडाचा. धामण आमच्या नांदेडच्या वरच्या अंगाला, माहूर-किनवटच्या जंगलात मिळते. वाकते आणि परत सरळ होते, म्हणून कावडीला आणि कुदळीच्या दांड्याला लोक तीच धरतात. चाचांचं म्हणणं असं होतं, की झाड तोडून, सुकवून, घासून त्याची परीक्षा घ्यायची तर तीन वर्षं जातात. इथं दुष्काळानं ती आधीच घेऊन ठेवली होती.

"रोज चाळीस खेपा," ते मला म्हणाले. "दोन वर्सं. वाकून राहिली, उठून राहिली. जिला मोडायचं ती मोडली. जी ऱ्हायली ती ऱ्हायली."

त्यांना पसंत पडली ती बसस्टँडवरच्या हॉटेलात पाणी भरणाऱ्या एका म्हाताऱ्याची कावड. काळीशार, खांद्याच्या जागी आरशासारखी गुळगुळीत. दोघांचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

"कावड दे."

"आन् पाणी काय दातात धरून आणू?"

"दुसरी करून देतो. दोन देतो."

"दोन घेऊन काय करू? खांदा एकच दुखतो."

"नवी होस्तवर पाणी मी भरतो."

म्हाताऱ्यानं हे लगेच मान्य केलं. मग पुढचे अकरा दिवस मुरुडच्या बसस्टँडवर लोकांनी पाहिलं, की आख्ख्या पंचक्रोशीची हाडं बसवणारे चाचा हॉटेलात पाणी भरतायत, आणि म्हातारा बाकावर बसून चहा पीत त्यांना चूल कुठं, रांजण कुठं ते दाखवतोय. हात मोडलेले लोक स्टँडवरच येऊन बसायचे. चाचा डबे खाली ठेवून तिथंच पट्टी बांधायचे. रोज घरी आल्यावर ते खांद्याकडे बोट दाखवायचे आणि आनंदानं सांगायचे, "आज बी मोडली न्हाई."

कावड घरी आली तेव्हा त्यांनी तिला खडूनं खूण केली. ओझं वाहताना जी बाजू वर राहायची आणि ताणली जायची, ती कमानीची पाठ. खालची, दबली जाणारी बाजू, ते पोट. "तिला दोन वर्सांची सवय हाय," म्हणाले. "उलटी केली तर रुसंल." माझ्या कोपराचा हिशेब धरून कमान नेहमीपेक्षा चार बोटं आखूड ठरली, आणि आखूड कमानीला पाठीला बळ जास्त लागतं, म्हणून नसेचे दोन थर ठरले.

नस म्हणजे म्हशीच्या मागच्या पायातली दोरीसारखी लांब शीर. ती वाळवायची, लाकडी हातोड्यानं कुटायची, मग तिचे केसासारखे धागे सुटतात. दुष्काळात मेलेली जनावरं पुष्कळ होती, चामड्यावाले फुकट द्यायला तयार होते. चाचांनी घेतली नाही. "उपाशी मेलेल्या जनावराची नस बी उपाशीच ऱ्हाती," म्हणाले, आणि लातूरला जाऊन धडधाकट जनावराची विकत घेऊन आले. धागे सोडवायचं काम आपांचं. त्या एका डोळ्यानं, मांडीवर फडकं पसरून, एकेक पदर बाजूला करायच्या. मी मदतीला बसले तर माझ्या हातात गुंता व्हायचा. "तुम्ही पळा, बाई," आपा म्हणायच्या. मी खेळाची बाई असल्यामुळे पळणं हे एकच काम मला येतं असं त्यांचं मत होतं.

मग तो पदर गरम सरसात बुडवायचा, पिळायचा, आणि कमानीच्या पाठीवर शेजारी शेजारी निजवायचा. डोक्याला तेल लावून केस बसवावेत तसं चाचा ते बोटांनी बसवायचे. हे झालं की वाट बघणं. सरस आतपर्यंत वाळायला तीन महिने लागतात, आणि हवेत ओल नको.

इथून चाचांचं आणि गावाचं बिनसलं.

चैत्रात दुपारचे ढग यायला लागले. सगळं गाव अंगणात येऊन वर बघायचं, आणि चाचा शिव्या देत कमानीवर गोधडी टाकायचे. मुसलमान मंडळींनी ईदगाहवर पावसासाठी नमाज ठेवली. चाचाही गेले. परत येताना कोणीतरी त्यांना विचारलं, काय मागितलं? चाचांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणजे ते त्यांना कधी सुचायचंच नाही. ते म्हणाले, "म्हणलं, या अल्ला, पाऊस दे. पन अठ्ठावीस तारखेच्या नंतर दे."

संध्याकाळी ओसरीवर सात-आठ माणसं आली. दोन हिंदूही होते. त्यांच्याकडची पूजा अजून व्हायची होती, आणि ती वाया जाऊ नये असं त्यांना वाटत होतं.

"चाचा, दुआ वापस घ्या."

"दिलेली दुआ वापस कशी घ्यावी? ती गेली."

"मंग दुसरी मागा. बिनअटीची."

"सरस ओला हाय," चाचा म्हणाले.

"हितं विहिरी कोरड्या पडल्यात, आन् तुमचा सरस ओला हाय!"

मी आतल्या खोलीत होते. ही सगळी भांडणं माझ्या कागदासाठी चालली आहेत हे माझ्याशिवाय कुणाला आठवत नव्हतं, आणि मी बाहेर जाऊन ते आठवून दिलं नाही. मला नोकरी हवी होती. आजही मला त्याची लाज वाटते. चाचा मात्र उठले, मशिदीत गेले, आणि अर्ध्या तासानं येऊन सांगितलं की त्यांनी मुदत आठ दिवसांनी कमी केली आहे. लोक त्यावर निघून गेले. त्या महिन्यात पाऊस आला नाही. त्याचं कारण चाचा, असं मुरुडमध्ये मानणारी माणसं अजून असतील.

सरस वाळला. दोरी चढली. आता दर वर्षीसारखं खुंटीला अडकवायची आणि मोडायची वेळ आली. "मुन्नी, पल्याड जा," चाचा म्हणाले, आणि आपा गेल्या. मी दारात उभी राहिले. चाचांनी कमान खुंटीला लावली नाही. हातात घेतली, बाण चढवला, आणि समोरच्या कडब्याच्या गंजीकडे ओढली. दोरी गालापर्यंत आली. पण चाचा बाण सोडत नव्हते. सावकाश ओढायचे आणि सावकाश परत न्यायचे. ओढलेली कमान बाणाशिवाय मोकळी सोडायची नाही, तसं केलं तर तिचा सगळा जोर तिच्यातच राहतो आणि ती फुटते, हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं होतं. शंभर वेळा ओढली. प्रत्येक वेळी तोंड कमानीच्या अगदी जवळ, डोळे उघडे. साठाव्या वेळेनंतर त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

मग ती माझ्या हातात दिली. आपा म्हणाल्या होत्या तसं. मला वाटलं, पंचवीस वर्षांत कुणाला दिली नाही ती मला दिली. मला फार अभिमान वाटला.

नांदेडला ते बरोबर आले. एसटीत कमान आपांच्या जुन्या साडीत गुंडाळून मांडीवर आडवी धरलेली, शेजारच्यांच्या पोटात टोकं रुतत होती. मैदानावर बाकीच्या जणींकडे बांबूची एकसारखी, विकतची धनुष्यं होती. तपासणाऱ्या साहेबांनी आमची कमान उलटसुलट केली आणि विचारलं, "ही कुठल्या कंपनीची?"

"म्हशीची," चाचा म्हणाले.

साहेबांनी वहीत 'देशी' असं लिहिलं.

छत्तीस बाण होते. मी उभी राहिले तशी चाचा येऊन माझ्या खांद्यामागे उभे राहिले. साहेबांनी त्यांना कडेच्या दोरीपलीकडे नेलं. तिथून ते मला दिसत होते. पंच, खेळाडू, बघे, सगळ्यांची तोंडं निशाणाकडे होती. चाचा निशाणाकडे पाठ करून उभे होते. बाण कुठं लागतोय हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी ओढली की त्यांचं तोंड आवळायचं, बाण सुटला की ओठ हलायचे. मोजत होते.

माझे बाण खाली जात होते. मी वर धरायचे, तरी वीतभर खाली. मी सातवी आले. सहावीत आणि माझ्यात तीन गुणांचा फरक होता. यादी वाचून झाली आणि मी तिथंच खाली बसले. डोळ्यांसमोर तो कायम करायचा कागद होता, आणि त्यात लिहायला आता काही नव्हतं.

चाचा दोरीखालून वाकून धावत आले. त्या वयाच्या माणसाला तसं धावताना मी पाहिलं नव्हतं. "टिकली!"

"चाचा, मी सातवी आले."

"छत्तीस, बाई! छत्तीस!"

ते मैदानाबाहेर गेले आणि किलोभर जिलबी घेऊन आले. निवड झालेल्या सहाही जणींना दिली, साहेबांना दिली, मैदानावर पाणी मारणाऱ्याला दिली. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. मला त्या माणसाचा इतका राग आला होता, की जिलबी मी हातात घेऊन तशीच गटारात टाकली.

परतीच्या गाडीत मी चाचांकडे पाठ करून बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. लातूर जवळ आलं तेव्हा चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काही झालं असतं ना, तर तुमच्या वडिलांना काय सांगायचं ते मी पाठ करून आलतो."

"काय सांगणार होता?"

"पोस्टात जाऊन म्हणणार हुतो, दोन डोळे हायेत, कोणताबी घ्या."

माझा राग गेला नाही. पण नंतर त्यांच्या डोक्याला खिडकीचा गज लागत होता, तेव्हा मी माझा रुमाल मध्ये ठेवला.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आपा ओसरी झाडत होत्या. त्यांनी माझा निकाल विचारला नाही. माझ्या तोंडावर तो दिसतच असणार. चाचांना म्हणाल्या, "टिकली?"

"छत्तीस."

आपांनी झाडू भिंतीला लावला, पदराला हात पुसले आणि हात पुढे केला. "दे."

"दमून आलो, मुन्नी. उद्या बघ."

"दे."

"पल्याड जा तू," चाचा म्हणाले. या वेळी आपा जागच्या हलल्या नाहीत.

तेव्हा मला कळलं की कमान मला का मिळाली होती. मी परकी होते. कमान टिकते का ते माझ्या डोळ्यावर करून बघता येत होतं. मला झोंबलं ते. पण चाचांनी लहान पोर धरावं तशी कमान छातीशी धरली होती, आणि झोंबलेलं तसंच राहिलं. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली, दोरी चढवली, बाण लावला आणि आपांना दिली.

आपांनी कडब्याच्या गंजीकडे तोंड केलं. चाचा भिंतीकडे तोंड करून उकिडवे बसले, हाड बसवून घ्यायला आलेली माणसं बसतात तसे. आपांनी सावकाश ओढली. दोरी पांढऱ्या डोळ्याच्या बाजूला गालापर्यंत आली आणि थांबली. त्या तशाच उभ्या राहिल्या. कमान बारीक करकरली. आपांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, सोडली नाही, आणि जशी ओढली होती तशीच सावकाश परत नेली.

"बाई, बाण खाली पडले का?"

"हो," मी म्हटलं. "वीतभर."

"पडतीलच. कमानीचा वरचा हात कडक हाय. हलत न्हाई. समदा भार खालच्यावर येऊन राहिला." त्यांनी अंगठ्यानं जागा दाखवली. "अजून शे-दीडशे बाण मारले असते तर खालून मोडली असती."

चाचा भिंतीकडून वळले होते.

"तुला कसं कळलं?"

"पहिलीचं बी असंच हुतं," आपा म्हणाल्या. "ओढताना हाताला लागलंच की मला. वरचा कडक, खालचा मऊ."

"आन् सांगितलं न्हाईस? पंचवीस वर्सं?"

"तू इचारलंच न्हाई. कमान झाली की मला पल्याड पाठवून राहिला."

चाचा वर आढ्याकडेही बघत नव्हते आणि आपांकडेही. मग उठून आत गेले आणि कानस घेऊन आले. कमान मांडीवर घेऊन त्यांनी कानस तिच्या वरच्या हातावर टेकवली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली, आणि आपांपुढे केली.

"तूच घास," ते म्हणाले.